नव्याने टीमची जबाबदारी आलेल्यांसाठी: न करपता टिकायला कोणती पुस्तकं खरंच उपयोगी पडतात?

कुठ्ठाळीकर

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधनिर्मितीत काम करतो. तिथे वर्षानुवर्षं एक चित्र पाहत आलोय. कामात चोख, हात बसलेला, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला मुलगा किंवा मुलगी शिफ्ट इन-चार्ज होते. पेढे वाटले जातात. पुढच्या गणेशचवथीपर्यंत तेच माणूस कँटीनमध्ये एकटं जेवताना दिसतं, घरच्यांशी फोनवर बोलताना आवाज चढलेला असतो, सुट्टीच्या दिवशीही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बॅचचे फोटो बघत बसलेलं असतं. काहीजण शेवटी नोकरीच सोडतात. चांगलं माणूस बढतीपायी हातचं जावं हे मला फार लागतं, म्हणून हा धागा.

नेतृत्वावरच्या पुस्तकांचा बाजारात ढीग आहे. त्यातली बरीचशी प्रेरणा देतात. नव्या इन-चार्जकडे प्रेरणा भरपूर असते, म्हणून तर शिफ्ट संपल्यावरही तो दोन-दोन तास थांबतो. तो दमतो याचं कारण जुनं काम हातातून सुटलेलं नसतं आणि नवं अंगावर येऊन पडलेलं असतं. बीएमआर (प्रत्येक बॅचच्या उत्पादनाच्या नोंदी) तपासायचे, ऑपरेटरांच्या रजा जुळवायच्या, क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता विभागाच्या, शंकांना उत्तरं द्यायची, ऑडिटची तयारी करायची. त्यात मशीन अडलं की पुन्हा स्वतःच हातमोजे चढवायचे, कारण ते मशीन त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. म्हणून पुस्तक निवडताना मी एकच कसोटी लावतो: हे वाचून उद्याच्या शिफ्टमध्ये कामाची वाटणी बदलेल का?

लिंडा हिल यांचं ‘बिकमिंग अ मॅनेजर’ (१९९२) त्या दृष्टीने पायाचं पुस्तक आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या या प्राध्यापिकेने १९ नव्या मॅनेजरांचं पहिलं वर्ष जवळून पाहिलं. बढती घेताना त्या मंडळींना वाटत होतं, आता अधिकार आला, आपलं ऐकलं जाईल. प्रत्यक्षात त्यांना कळलं की आपण पूर्वीपेक्षा जास्त जणांवर अवलंबून आहोत: हाताखालच्यांवर, वरच्यांवर, शेजारच्या विभागावर. स्वतःच्या हाताने काम पुरं करण्यात जो आनंद होता तो गेला, आणि त्या जागी दुसऱ्याकडून काम होताना बघण्याचा आनंद यायला वेळ लागला. वाचायला थोडं जड आहे. पण ‘हे फक्त माझ्याच वाट्याला आलंय’ ही भावना त्याने जाते, आणि पहिल्या वर्षात तेवढंही खूप असतं.

अँडी ग्रोव्ह यांचं ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ (१९८३) हे माझं सर्वांत आवडतं. इंटेल चालवणारा माणूस, त्यामुळे भाषा कारखान्याची. त्यांच्या हिशेबात मॅनेजरचं उत्पादन म्हणजे त्याच्या टीमचं, आणि ज्या शेजारच्या टीमांवर त्याचा प्रभाव पडतो त्यांचं, एकूण उत्पादन. स्वतः किती तास उभा होता हे त्या हिशेबात येतच नाही. दुसरा मुद्दा मला अजून मोलाचा वाटतो: माणसाची तयारी कामागणिक वेगळी असते. एकच ऑपरेटर टॅब्लेट कॉम्प्रेशनवर निष्णात असेल आणि डेव्हिएशनचा (ठरलेल्या पद्धतीपासून काही चुकलं-हललं तर त्याचा) अहवाल लिहिण्यात अगदी नवखा. कॉम्प्रेशनवर त्याच्या मागे उभं राहायचं नाही, अहवाल मात्र शेजारी बसून ओळीओळीने शिकवायचा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मशीनवर लक्ष ठेवलं जातं आणि अहवाल इन-चार्ज स्वतःच लिहून टाकतो.

तिसरं पुस्तक नाही, लेख आहे. विल्यम ऑन्कन आणि डोनाल्ड वॉस यांचा, हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये १९७४ साली आलेला, माकडांचा म्हणून ओळखला जाणारा. हाताखालचा माणूस कॉरिडॉरमध्ये भेटतो, अडचण सांगतो, साहेब म्हणतो ‘बघतो मी’. त्या क्षणी त्याच्या खांद्यावरचं माकड साहेबाच्या खांद्यावर येतं. शुक्रवारपर्यंत साहेबाच्या अंगाखांद्यावर माकडंच माकडं. नव्या माणसाने सुरुवात इथून करावी, अर्ध्या तासात वाचून होतं.

हॉटेल, शाळा, इस्पितळ, पतसंस्था, जिथे कुठे तुम्ही लोकांकडून काम करवून घेता तिथला अनुभव लिहा. नुसती नावं नकोत, त्या पुस्तकाने काय बदललं तेही सांगा.

पर्वरीचा_पांथस्थ

छान धागा. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात ड्युटी मॅनेजर आहे. ग्रोव्हच्या पुस्तकाची सुरुवात आमच्या लोकांना फार जवळची वाटेल. पहिल्याच प्रकरणात तो न्याहारी तयार करतो: तीन मिनिटांचं उकडलेलं अंडं, बटर लावलेला टोस्ट आणि कॉफी, तिन्ही एकाच वेळी गरम टेबलावर पोचायला हवं. सगळ्यांत जास्त वेळ अंड्याला लागतो, म्हणून बाकी सगळ्याची वेळ अंड्यावरून ठरवायची.

सीझनमध्ये आमचं अंडं म्हणजे खोल्या तयार होणं. चेक-इनची रांग लागली की नवा ड्युटी मॅनेजर रिसेप्शनच्या काउंटरवर जाऊन उभा राहतो, पाहुण्यांची माफी मागत राहतो. अडलेलं असतं हाउसकीपिंगमध्ये. दुपारी बारानंतर रिसेप्शनची दोन माणसं चादरींच्या कामाला वर पाठवली तर रांगच लागत नाही. काउंटरवर उभं राहून दमण्यापेक्षा हे बरं. त्या प्रकरणाने मला दिवसाकडे असं बघायला शिकवलं.

केरी_सत्तरी

सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे. आमच्याकडे मुख्याध्यापिका म्हणजे वर्गावरची शिक्षिकाच. दोन शिक्षकांची शाळा, चार इयत्ता. दोन इयत्ता मी एकत्र घेते आणि त्याच वेळात माध्यान्ह आहाराची नोंद, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, पालक-शिक्षक संघाची बैठक, भागशिक्षणाधिकारी कार्यालयातून आलेला ‘आजच पाठवा’ असा मेसेज. कुठ्ठाळीकर, तुमची ‘कामाची वाटणी’ ही कसोटी पटली, पण माझ्याकडे वाटायला माणूसच नाही. अशा जागी असलेल्यांनी काय वाचावं?

मला उपयोगी पडलेलं पुस्तक व्यवस्थापनाचं नाही. एमिली आणि अमेलिया नागोस्की या जुळ्या बहिणींचं ‘बर्नआउट’ (२०१९). एक आरोग्यशिक्षिका, दुसरी वृंदगान चालवणारी संगीत शिक्षिका. मुख्यतः बायकांना समोर ठेवून लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं: ताण देणारी गोष्ट वेगळी आणि शरीरात साठलेला ताण वेगळा. अहवाल पाठवून झाला म्हणजे ताणाचं कारण संपलं, पण शरीराला ते कळलेलं नसतं. ते कळवायला हालचाल लागते, मोकळं हसणं-रडणं लागतं, जवळच्या माणसाची मिठी लागते, काहीतरी हाताने करणं लागतं. रोज वीस मिनिटं ते तासभर शरीर हलवणं हा त्यातला सगळ्यांत खात्रीचा उपाय, असं त्या सांगतात.

शाळा सुटल्यावर मी आता थेट दुचाकीला किल्ली लावत नाही. आधी गावातून एक फेरी पायी. पालक भेटतात, बोलणं होतं, शाळेत न येणाऱ्या मुलाची खबर कळते, आणि घरी पोचेपर्यंत डोकं हलकं झालेलं असतं. वाळपईत किंवा पणजीत राहणाऱ्या शिक्षिकांना बस गाठायची असते, त्यांना हे जमेलच असं नाही.

माणूस नसला तरी वाटायला काहीतरी असतं, हेही हळूहळू दिसलं. चौथीची मुलं पहिलीच्या मुलांना वाचून दाखवतात. भाजीपाल्याची आणि उपस्थितीची वही पालक-शिक्षक संघातल्या एका आईने मागून घेतली, सही तेवढी माझी. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पण ताण उतरल्याशिवाय असलं काही सुचत नाही, हे मात्र मी नागोस्की बहिणींच्या बाजूने ठामपणे सांगेन.

शेवंती

+१ केरी_सत्तरी ताई. वाचनखूण साठवली.

दाट_झाडी

वेगळं मत मांडतो. पुस्तकांची यादी करताना नकळत सगळा भार त्या एकट्या माणसावर येतो: तू वाच, तू सुधार, तू चाल, तू श्वास घे. चार माणसांचं काम दोघांवर टाकणाऱ्या जागेला कुणी पुस्तक भेट देत नाही.

या विषयात आयुष्य घालवलेल्या क्रिस्टिना मॅस्लाक याच मुद्द्यावर बोट ठेवतात. बर्नआउट, म्हणजे कामाने करपणं, मोजण्याची जी प्रश्नावली जगभर वापरली जाते ती त्यांनी सुझन जॅक्सन यांच्याबरोबर तयार केली, १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. मायकल लायटर यांच्याबरोबरचं त्यांचं ‘द बर्नआउट चॅलेंज’ (२०२२) प्रत्येक नव्या प्रमुखाने, आणि त्याहून आधी त्याच्या वरच्या साहेबाने वाचावं. माणूस आणि काम यांचा मेळ सहा जागी बिघडतो असं ते मांडतात: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, केलेल्याचं चीज, सहकाऱ्यांशी नातं, न्याय आणि मूल्यं. आपण चर्चा फक्त पहिल्याची करतो. मी पाहिलेले बहुतेक लोक बोज्याने गेले नाहीत. रात्रपाळी कायम त्याच दोघांच्या वाट्याला येते आणि साहेबाच्या ओळखीचा कायम सुटतो, यात माणूस आतून तुटतो. तो न्यायाचा प्रश्न आहे, आणि तो नव्या इन-चार्जच्या रोस्टरमध्येच तयार होतो.

कोळशाच्या खाणीत विषारी वायू कळावा म्हणून कॅनरी पक्षी नेत. ते उदाहरण देऊन लेखक म्हणतात की पक्ष्याला कणखर करण्याचे उपाय शोधू नका, खाणीतली हवा बघा. (आमच्या डिचोलीकडच्या खाणी उघड्या, त्यामुळे तिथे पक्षी कुणी नेले नाहीत. पण धूळ खाल्लेल्यांना मुद्दा लगेच समजेल.)

कुठ्ठाळीकर

दाट_झाडी, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यात हवा होता इतका महत्त्वाचा आहे. फक्त एक जोडतो. नवा इन-चार्ज एकाच वेळी पक्षीही असतो आणि दहा-बारा जणांसाठी हवाही तोच असतो. वरून किती माणसं मिळतील हे त्याच्या हातात नाही. रात्रपाळ्या कशा फिरतील, रजा कुणाची आधी मंजूर होईल, चांगल्या कामाचं नाव वरच्या बैठकीत घेतलं जाईल की नाही, हे मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्या हातात असतं. तुम्ही सांगितलेल्या सहांपैकी निदान तीन जागा त्याला स्वतःला नीट करता येतात. म्हणून हे पुस्तक मी आता ‘इन-चार्ज होण्याआधी’ या रांगेत ठेवेन.

आणि वरच्या साहेबाशी बोलताना ‘मी दमलोय’ म्हणण्यापेक्षा कागद घेऊन जावं. पीटर ड्रकर यांचं ‘द इफेक्टिव्ह एग्झिक्युटिव्ह’ साठच्या दशकातलं आहे, तरी त्यातला वेळेचा भाग अजून तसाच लागू पडतो. आपला वेळ कुठे जातो हे आठवून लिहायचं नाही, काम चालू असतानाच नोंदवायचं, कारण आठवण फसवते. दोन आठवड्यांची अशी नोंद समोर ठेवली की माणूस मागण्याचं बोलणं तक्रारीचं राहत नाही.

पिंपळपान

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं गंभीर लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली. तीन लक्षणं: शक्ती पार संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. संघटनेने याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागी सतत राहिलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. त्यामुळे कामाच्या जागेतले बदल हेच पहिलं औषध, इथे दाट_झाडी यांच्याशी पूर्ण सहमत.

पण रजेवर असतानाही मन उठत नाही, आवडीचं भजन किंवा नाटकही नकोसं होतं, झोप-भूक बिघडते, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात, तेव्हा तो नुसता कामाचा थकवा राहत नाही. तिथे पुस्तकावर थांबू नका. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन दिवसरात्र चालते, बोलणं गुप्त राहतं. बांबोळीच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे गेलेलं कुणी पाहील ही भीती गोव्यात मोठी आहे, कारण इथे प्रत्येकाला प्रत्येकजण ओळखतो. ती भीती मला समजते, तरीही जा.

टीम सांभाळणाऱ्यांसाठी एक पुस्तक जरूर सुचवेन, आणि त्याचं नातं आपल्या गोव्याशी आहे. डॉ. विक्रम पटेल यांचं ‘व्हेअर देअर इज नो सायकियाट्रिस्ट’ (२००३). डॉ. पटेल ‘संगात’ या गोव्यातल्या संस्थेच्या संस्थापकांपैकी. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या आरोग्यसेवकांसाठी लिहिलेलं, साध्या भाषेतलं. समोरच्याला काय विचारायचं, कसं ऐकायचं, कधी पुढे पाठवायचं, हे त्यातून शिकता येतं. याच विचाराने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून नैराश्यावर मदत देण्याचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातली पद्धत अगदी हातात घेण्यासारखी आहे: मन लागेपर्यंत वाट बघायची नाही, मनाला बरं वाटणाऱ्या छोट्या गोष्टी दिवसात ठरवून परत आणायच्या. केरी_सत्तरी ताईंची गावातली फेरी मला म्हणूनच फार आवडली.

ग्रंथवेडा_फोंडा

इथे सगळी इंग्रजी नावं आली, म्हणून एक आपलं. दासबोधातली ओवी सगळ्यांना पाठ असते:

जितुके काही आपणासी ठावे । तितुके हळूहळू सिकवावे ।
शहाणे करूनि सोडावे । बहुत जन ॥

यातलं ‘हळूहळू’ नव्या प्रमुखाने धरून ठेवावं. शिकवायला एक तास लागतो आणि स्वतः केलं तर दहा मिनिटांत होतं, म्हणून तो स्वतः करतो, रोज, वर्षभर. आणि ‘सोडावे’ही तितकंच अवघड. शिकवलं की हात काढून घ्यायचा. ग्रोव्ह जे कारखान्याच्या भाषेत सांगतो ते समर्थ महंतांना सांगत होते. मठ गावोगावी चालवायचे होते, एकट्याने ते होणारच नव्हतं.

भारतीय कार्यालयांचं वातावरण ओळखीचं वाटावं असं हवं असेल तर शरू रांगणेकर यांचं ‘इन द वंडरलँड ऑफ इंडियन मॅनेजर्स’ वाचा. हसतखेळत लिहिलंय, पण साहेबी वागण्याचे नमुने आजही जसेच्या तसे भेटतात.

पुस्तकं विकत घेण्याआधी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करा. १८३२ पासूनची संस्था आहे, आपल्या हक्काची. काउंटरवर नाव लिहून दिलं तर शोधून देतात.

पर्वरीचा_पांथस्थ

एक अडचण कुठल्याच पुस्तकात नीट सापडली नाही, ती विचारतो. गोवा लहान. माझ्या टीममधले बेलडेस्कवरचे (पाहुण्यांचं सामान हाताळणारे) एक वडीलधारे आमच्याच वाड्यावरचे. मी त्यांना लहानपणापासून दादा म्हणतो. जत्रेला पालखी आम्ही एकत्र धरतो. सीझनमध्ये त्यांना ब्रेक शिफ्ट (मधे दुपारी काही तास खंड असलेली ड्युटी) लावली तर आईला देवळात बोलणी बसतात, नाही लावली तर बाकीच्या मुलांना दिसतं. दर रविवारी रोस्टर लावताना मला सगळ्यांत जास्त थकवा याचाच येतो.

केरी_सत्तरी

ही अडचण खरी आहे. आमच्याकडे तर सहशिक्षिका माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आणि माझ्या चुलत सासूबाई. मी त्यांना शाळेतही काकीच म्हणते. आदर कमी करण्याची गरज नाही, कामाची वही मात्र दोघींना सारखी.

कुठ्ठाळीकर

यावर जुली झुओ यांच्या ‘द मेकिंग ऑफ अ मॅनेजर’ (२०१९) मध्ये थोडं आहे. पंचविसाव्या वर्षी फेसबुकमध्ये त्या मॅनेजर झाल्या. मॅनेजर होण्याच्या चार वाटा त्या सांगतात: टीम वाढली म्हणून त्यातलाच एक भाग सांभाळायला मिळाला, नवी टीम उभी केली, बाहेरून येऊन टीम घेतली, किंवा आधीचा साहेब गेल्यावर त्याची जागा घेतली. आपल्याच सोबत्यांचा साहेब झाल्यावर काय होतं, तेही सरळ लिहिलंय: त्यांना शिकवणं अवघडल्यासारखं होतं, कठीण बोलणं टाळलं जातं, आणि तेही आपल्याला पूर्वीसारखं सगळं सांगेनासे होतात. पालखीचा भाग अर्थातच त्यात नाही.

तो आपला आपल्याला सोडवावा लागेल. मला जे योग्य वाटतं ते असं. दादांशी बोलणं रोस्टर लागण्याआधी करा, लागल्यावर नको. वाड्यावर नको आणि लॉबीतही नको, ब्रेकच्या वेळी बाजूला बसून. ब्रेक शिफ्ट सगळ्यांनाच पाळीपाळीने येईल हे आधी सांगा, पाळीचा तक्ता दाखवा, आणि मग विचारा की त्यांना कुठला आठवडा सोयीचा. निवड त्यांची, पाळी सगळ्यांची. तोच प्रश्न बाकीच्या मुलांनाही विचारा. मायकल बंगे स्टॅनियर यांच्या ‘द कोचिंग हॅबिट’ (२०१६) मध्ये सात प्रश्न आहेत, त्यातला एक इथे नक्की वापरा: ‘आणखी काही?’ पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही, सल्ला द्यायची घाई करायची नाही. दादांना कदाचित शिफ्टचा त्रास नसेलच. दुपारच्या तीन-चार तासांत घरी जायला बस मिळत नसेल, किंवा थांबायला नीट जागा नसेल. ते कळलं तर जागेची सोय तुम्ही करून देऊ शकता.

पर्वरीचा_पांथस्थ

जागेचंच आहे बहुतेक. स्टाफरूम दुपारी लिननच्या गाठोड्यांनी भरलेली असते, हे लिहिताना लक्षात आलं. उद्या हाउसकीपिंगशी बोलतो. तक्त्याचंही करतो, पुढचा महिना आत्ताच लावायला घेतलाय.

दाट_झाडी

तक्ता भिंतीवर लावा, फोनवर नको. सगळ्यांनी एकदम बघितलेला बरा.

कुठ्ठाळीकर

बरोबर. पतसंस्था किंवा बँकेतलं कुणी वाचत असेल तर लिहा. वसुलीची टीम सांभाळणाऱ्यांना गावातच, ओळखीच्यांच्या दारात जावं लागतं. त्यांच्या ताणाबद्दल आणि त्यांनी काय वाचलं याबद्दल मला मनापासून ऐकायचंय. इस्पितळातल्या वॉर्ड इन-चार्ज सिस्टर्सकडूनही अजून एकही प्रतिसाद आलेला नाही.